दोनशे प्रवासी आणि तीनशे मीटर

नॉर्वेच्या मुख्य भूमीपासून खूप वर, ७४ ते ८१ अंश उत्तर अक्षांशांत पसरलेल्या स्वालबार्ड द्वीपसमूहात १ जानेवारी २०२५ पासून पर्यटनाचे नवे नियम लागू झाले. संरक्षित क्षेत्रांत दोनशेपेक्षा जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला मज्जाव. त्या क्षेत्रांत किनाऱ्यावर उतरायचं तर ठरवून दिलेल्या ४३ जागांवरच. ध्रुवीय अस्वलापासून किमान ३०० मीटर, आणि १ मार्च ते ३० जून या काळात ५०० मीटर अंतर. वॉलरस म्हणजे सुळेवाले मोठे सागरी प्राणी किनाऱ्यावर येऊन पडतात त्या जागांपासून बोटींनी १५० मीटर लांब राहायचं. पक्ष्यांच्या कड्यांजवळ एप्रिल ते ऑगस्टमध्ये वेग पाच नॉटच्या (ताशी सुमारे नऊ किलोमीटर) वर न्यायचा नाही. किनाऱ्याला चिकटून गोठलेला बर्फ फोडायचा नाही.

गंमत अशी की या नियमांवर मोठी तरंगती हॉटेलं फारशी ओरडली नाहीत. जड इंधन तेलावरच्या बंदीने त्यांना आधीच चाप बसला होता, आणि पूर्वेकडच्या राखीव क्षेत्रांत दोनशेची मर्यादा जुनीच आहे. खरी नाराजी आली ती शंभर-दीडशे प्रवासी नेणाऱ्या मोहीम-जहाजांकडून आणि त्याहून लहान शिडाच्या, मोटारच्या बोटींकडून. ज्यांना आपण 'चांगले पर्यटक' म्हणतो त्यांच्याकडून. त्यांचं म्हणणं साधारण असं: आम्ही थोडे लोक नेतो, आमचे वाटाडे जाणकार आहेत, आम्ही किनाऱ्यावरचं प्लास्टिक गोळा करून आणतो, आणि शिक्षा मात्र आम्हालाच. अस्वल तीनशे मीटरवरून पाहायचं तर एवढ्या लांब यायचं कशाला?

तक्रार खोटी नाही, पण तिच्यातलं गृहीतक मला मान्य नाही. जहाज लहान म्हणजे त्याचा उपद्रवही लहान, हे ते गृहीतक. ते इतकं सवयीचं झालंय की सरकारी नियमातही शिरलंय. माझ्या मते या नव्या नियमांतला दोनशेचा आकडा कच्चा आहे आणि तीनशेचा पक्का. जहाजात किती माणसं आहेत यावर प्राण्याचं भलंबुरं ठरत नाही. ती माणसं किती जवळ, किती वेळा आणि किती वेळ येतात यावर ठरतं.

मोठं जहाज खोल पाणी सोडत नाही. त्याच्या डेकवरून दोन हजार माणसं कडे पाहतात, फोटो काढतात, जेवायला जातात. त्याचा धूर, त्याचं तेल, बंदरावर एकदम उतरणारी गर्दी हे सगळे प्रश्न खरे आहेत. पण कड्याखाली, हिमनदीच्या तोंडाशी, वॉलरसच्या वाळूवर ते पोचतच नाही. तिथे पोचतं ते लहान जहाज. त्याचा तळ उथळ पाण्यात चालतो, पोटात झोडियाक म्हणजे फुगवलेल्या रबरी होड्या असतात, आणि त्याची सगळी किंमतच मुळी जवळ जाण्यासाठी मोजलेली असते. दिवसाला दोनदा उतरणं, मध्ये एक होडीफेरी, रात्रीही उजेड असल्यामुळे जेवणानंतर आणखी एक. दोन हजारांचं जहाज एका खाडीला एकदा त्रास देईल. शंभरांचं जहाज आठवडाभरात डझनभर खाड्यांना देतं. माणशी इंधनाचा हिशेब केला तर लहान जहाजाचं पारडं फार हलकं निघायचंही कारण नाही. शंभर प्रवाशांमागे साठ-सत्तर खलाशी, वाटाडे, आचारी असतात, आणि बर्फाशी टक्कर घेणारा पोलादी सांगाडा तितक्याच थोड्या माणसांसाठी ओढत न्यावा लागतो.

हिनलोपेन सामुद्रधुनीतला आल्केफ्येलेटचा कडा घ्या. समुद्रातून सरळ उभे राहिलेले, शंभर मीटरहून उंच काळ्या दगडाचे खांब. त्यांच्या कपारींवर हजारो गिलेमॉट, काळी पाठ आणि पांढरं पोट, खांद्याला खांदा लावून उभे असतात. हा पक्षी घरटं बांधत नाही. उघड्या दगडावर एकच अंडं घालतो आणि ते पायांवर घेऊन उबवतो. खालून अचानक आवाज झाला, होडी वेगाने वळली, की ओळच्या ओळ एकदम उडते, आणि त्या धांदलीत अंडी कपारीवरून गडगडतात. उरलेली उचलायला मोठे कुरव टपलेले असतातच. जुलैअखेरीला पिल्लं जेमतेम तीन आठवड्यांची होतात, तेव्हा त्यांना उडता येत नाही; तरी ती कड्यावरून समुद्रात उडी मारतात. बाप त्यांच्यामागोमाग खाली येतो आणि दोघं पोहत खोल समुद्राकडे निघतात. जी पिल्लं पाण्याऐवजी दगडांवर पडतात त्यांच्यासाठी आर्क्टिक कोल्हा खाली फेऱ्या मारत असतो. या सगळ्या खेळाच्या मधोमध, नेमक्या त्याच पाण्यात, दहा-दहा माणसांच्या होड्या माना वर करून उभ्या असतात. होडीतली माणसं आदबशीर असतील, कुजबुजत बोलत असतील. बाप आणि पिल्लू यांची ताटातूट व्हायला मात्र एक इंजिन चुकीच्या जागी पुरतं.

म्हणून पाच नॉटचा नियम मला दोनशे प्रवाशांच्या नियमापेक्षा मोलाचा वाटतो. तो प्रवासी मोजत नाही, होडीची वागणूक मोजतो.

आता अस्वलाकडे येऊ, कारण सगळा वाद शेवटी तिथेच येऊन अडतो. स्वालबार्डमध्ये अस्वलाला १९७३ पासून संरक्षण आहे. त्याला आमिष दाखवायला, त्याचा पाठलाग करायला, त्याला त्रास होईल अशा रीतीने जवळ जायला कायद्याने आधीही बंदीच होती. मग नवं काय? 'त्रास होईल' हे कोण ठरवणार, एवढंच बदललं. आधी ते ठरवत होता जहाजावरचा वाटाडा. या वाटाड्यांपैकी बरेच जण प्राणीशास्त्र शिकलेले, वर्षानुवर्षं त्या बर्फात वावरलेले असतात. त्यांच्या जाणकारीविषयी मला शंका नाही. पण त्याच वाटाड्याच्या मागे शंभर माणसं कॅमेरे रोखून उभी असतात. त्यांनी वर्षभर पैसे साठवलेले असतात, आणि कप्तानाला कंपनीचा निरोप असतो की गेल्या फेरीला अस्वल दिसलं नव्हतं. अशा वेळी अस्वलाने मान वर केली, कान हलवले, तर तो त्रास की कुतूहल? ज्याने न्याय द्यायचा त्याचाच निकालात स्वार्थ, अशी ती रचना होती. तीनशेचा आकडा ती मोडतो. अंतर मोजायच्या साध्या यंत्राने ते कळतं, त्यावर वाद घालता येत नाही, आणि मुख्य म्हणजे वाटाड्याला प्रवाशांसमोर ताठ उभं राहता येतं: 'माझ्या हातात नाही हो, कायदा आहे.' चांगल्या वाटाड्यांना हा नियम ओझं नव्हे, आधार वाटायला हवा.

तीनशे मीटरवरून दिसतं तरी काय? हिशेब सोपा आहे. मोठं अस्वल नाकापासून शेपटीपर्यंत अडीच मीटरच्या आत-बाहेर. तीनशे मीटरवरून ते जवळपास पौर्णिमेच्या चंद्राएवढं रुंद दिसतं. आठपटीची दुर्बीण लावली की तेच अस्वल सदतीस-अडतीस मीटरवर असल्यासारखं दिसतं. पाचशे मीटरवरचं अस्वल त्याच दुर्बिणीतून साठ-बासष्ट मीटरवर येतं. एवढ्यावरून त्याची चाल दिसते, ते बर्फाच्या कडेने सीलच्या श्वासाच्या भोकांशी कसं थांबतं ते दिसतं, पिल्लं आईच्या पावलांत पाऊल टाकत जातात तेही दिसतं. फोनवर काढलेल्या फोटोत मात्र ते पिवळसर ठिपक्याएवढंच उमटतं. म्हणजे नियमाने हिरावून घेतलं ते पाहणं नव्हे, दाखवणं. ज्यांना हे फार मोठं नुकसान वाटतं त्यांच्याविषयी मला सहानुभूती आहे, पण थोडीच.

यावर एक आक्षेप असा येतो की अस्वल स्वतःहून आलं तर काय बिघडलं? पूर्वी जहाजं बर्फाच्या काठाशी इंजिन मंद करून थांबत, आणि कुतूहलाने अस्वल चालत चालत नाकाखाली येई. कुणी पाठलाग केला नाही, कुणी हाकललं नाही. आता अशा वेळीही माघार घ्यावी लागते. मला हा सगळ्यांत अवघड आक्षेप वाटतो. तरीही मी नियमाच्याच बाजूने आहे, आणि कारण जहाजावर नाही, जमिनीवर आहे. बोटीजवळ जाऊन काही वाईट घडत नाही, उलट स्वयंपाकघराचा वास येतो, हे जे अस्वल शिकतं, ते पुढे शिकाऱ्याच्या झोपडीशी, संशोधकांच्या तळाशी, लाँगयरब्येन या स्वालबार्डच्या मुख्य गावाच्या कडेला असलेल्या कुटीशी तसंच बिनधास्त जातं. तिथे त्याची गाठ बंदुकीशी पडते. माणसापासून दूर राहण्याची सवय हेच त्या बेटांवर अस्वलाचं चिलखत आहे. आपल्या अर्ध्या तासाच्या आनंदासाठी ते उतरवून घ्यायचा आपल्याला हक्क नाही.

शिवाय काळ बदललाय. स्वालबार्ड हा जगातल्या सर्वांत वेगाने तापणाऱ्या प्रदेशांपैकी एक. पूर्वी उत्तर आणि पूर्व किनारे उन्हाळ्यातही बर्फाने बंद असायचे. आता तिथे जहाजं लवकर पोचतात आणि उशिरापर्यंत राहतात. पण ज्या कारणाने जहाजाला वाट मिळते, त्याच कारणाने अस्वल किनाऱ्यावर अडकतं. समुद्रावरचा बर्फ गेला की सील पकडायची जागाच गेली. मग ते पक्ष्यांची अंडी खातं, रेनडिअरमागे धावतं, वाहून आलेला देवमासा मिळाला तर त्यावर दिवस काढतं. जुलै-ऑगस्टमध्ये किनाऱ्यावर दिसणारं अस्वल हे पुष्कळदा उपाशी आणि शक्ती राखून असलेलं अस्वल असतं. त्याला उठवणं, चार पावलं चालायला लावणं, पाण्यात शिरायला लावणं याची किंमत वीस वर्षांपूर्वी होती त्यापेक्षा आज जास्त आहे.

२८ जुलै २०१८ ला उत्तरेकडच्या फिप्सोया बेटावर काय झालं ते अनेकांना आठवत असेल. एका जर्मन जहाजाचे पहारेकरी, प्रवाशांना उतरवण्याआधी जागा मोकळी आहे ना हे बघायला किनाऱ्यावर गेले. न दिसलेल्या अस्वलाने त्यांच्यापैकी एकाच्या डोक्यावर झडप घातली. सोबत्यांनी अस्वलाला गोळी घातली. माणूस वाचला. जगभर संतापाची लाट उसळली, आणि ती पहारेकऱ्यांवर उसळली, हे मला आजही चुकीचं वाटतं. त्या क्षणी दुसरं काही करता आलं नसतं. प्रश्न त्या क्षणाचा नव्हताच. तिथे उतरायचंच कशाला, हा होता. आता उतरण्याच्या जागा ४३ वर आल्या, त्याला अशा घटनांचं उत्तर म्हणूनच बघायला हवं.

पण या ४३ जागांबद्दल मोहीम-जहाजवाल्यांचं एक म्हणणं मला पटतं. आधी जहाजं शेकडो ठिकाणी विखुरली जात. आता संरक्षित क्षेत्रांत सगळी याच त्रेचाळीस जागांवर येणार. ध्रुवीय शेवाळ आणि बोटभर उंचीची झाडं एकदा पायाखाली गेली की सावरायला दशकं लागतात. थोड्या जागा बळी देऊन बाकीच्या वाचवायच्या, हा हिशेब मला मान्य आहे, पण मग त्या थोड्या जागांना रोजची मर्यादाही हवी. अंटार्क्टिकात पाचशेहून जास्त प्रवासी असलेल्या जहाजाला कुणाला उतरवताच येत नाही, एका वेळी शंभरच माणसं किनाऱ्यावर, दर वीस जणांमागे एक वाटाडा, आणि अनेक जागांवर दिवसाला किती जहाजं हेही ठरलेलं. दोन बंदुकधारी पहारेकऱ्यांच्या मधून शंभर माणसं गेली आणि तासाभराने दुसऱ्या जहाजाची शंभर आली, तर वॉलरसला त्यांची जहाजं वेगळी होती याचं काय सुख?

वॉलरसचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. 'पर्यटक हेच निसर्गाचे राजदूत' हा दावा मला याच प्राण्यामुळे पचत नाही. सतराव्या शतकात डच देवमासेमारांनी स्मीरेनबर्गच्या वाळूवर चरबी उकळायच्या भट्ट्या लावल्या, आणि तिथून पुढे तीनशे वर्षं देवमासे, वॉलरस, अस्वलं यांची कत्तल चालली. पर्यटकांची जहाजं १८९० च्या दशकापासून तिकडे जातायत, आणि त्यांतले कित्येक पाहुणे बंदूक घेऊनच जायचे. वॉलरसला १९५२ मध्ये संरक्षण मिळालं तेव्हा स्वालबार्डमध्ये तो जवळपास संपला होता. आज तो पुन्हा हजारांत मोजावा लागतो. हे कुणाच्या भावनेने झालं नाही, अपवाद नसलेल्या बंदीने झालं. ध्रुवावरून परतलेला माणूस पुढे काय करतो, कमी विमानप्रवास करतो की पुढच्या वर्षी अंटार्क्टिकाचं तिकीट काढतो, याविषयी माझा अंदाज फार उदार नाही.

सुरक्षेचा मुद्दा थोडक्यात. लहान जहाज निर्जन खाडीत जातं, म्हणजे मदतीपासूनही लांब जातं. सप्टेंबर २०२३ मध्ये ईशान्य ग्रीनलँडच्या आल्पेफ्योर्डमध्ये २०६ माणसांचं एक मोहीम-जहाज गाळात रुतलं आणि तीन दिवस तसंच राहिलं. स्वालबार्डमध्येच २००७ च्या ऑगस्टमध्ये हिमनदीच्या तोंडाशी गेलेल्या एका लहान जहाजावर बर्फ कोसळून प्रवासी जखमी झाले. जवळ जाण्याचा हाही हिशेब आहे.

नियमातली एक फट मात्र बुजवायला हवी. आंतरराष्ट्रीय सागरी नियमांनुसार बारापर्यंत प्रवासी नेणारी बोट 'प्रवासी जहाज' ठरतच नाही, त्यामुळे बड्या जहाजांना लागू होणारी बरीच बंधनं तिला लागत नाहीत. नॉर्वेचे स्वतःचे नियम तिलाही पाळावे लागतात हे खरं. पण अशा बोटी वाढतायत, त्या सर्वांत उथळ खाड्यांत शिरतात, आणि त्यांच्यावर लक्ष ठेवणं सर्वांत अवघड. दोनशेच्या आकड्याने सुटणारा हा प्रश्न नाही. तीनशे मीटर बारा माणसांनाही तेवढेच लागू आहेत, म्हणून ते जपायचे.

ते जपण्यासाठी एक साधी सूचना करावीशी वाटते. कंपन्यांच्या जाहिरातींत अजूनही अस्वल डोळ्यांत डोळे घालून बघताना दिसतं. त्यातले कित्येक फोटो नियमाआधीचे, कित्येक लांब भिंगातून काढलेले. प्रवासी तोच फोटो मनात धरून येतो आणि मग वाटाड्यावर दबाव टाकतो. स्वालबार्डची सहल विकणाऱ्या प्रत्येक चित्राखाली फोटो किती मीटरवरून काढला ते छापायची सक्ती करावी. लेन्स कोणती वापरली तेही. निम्मी भांडणं तिकीट काढतानाच मिटतील. गव्हर्नरच्या कार्यालयाने अस्वलाला छळल्याबद्दल दंड केल्याची उदाहरणं आहेत. पण दंड घटना घडून गेल्यावर होतो, आणि खाडीत पोलीस नसतो.

लाँगयरब्येनची अडचण मी नाकारत नाही. सुमारे अडीच हजार वस्तीचं ते गाव कोळशावर उभं राहिलं, आणि तिथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ मध्ये बंद झाली. हातातलं काम म्हणजे आता संशोधन, सरकारी नोकरी आणि पर्यटन. जहाजं कमी झाली तर कुणाचं तरी पोट मारलं जाईल. मात्र जहाजावरच झोपणारा, जहाजावरच जेवणारा प्रवासी गावात किती खर्च करतो, हा प्रश्न तिथले लोक स्वतःच विचारतात. जास्त दिवस गावात राहणारा, थोडा चालणारा, स्थानिक वाटाड्याबरोबर जाणारा पाहुणा त्यांना जास्त परवडेल.

दुसरी अडचण पैशाची. थोडे प्रवासी, कमी जागा, म्हणजे तिकीट महाग. स्वालबार्ड आणखी श्रीमंतांचं होणार. ही टीका योग्य आहे, आणि तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. एवढं मात्र सांगता येईल की उत्तरेचा जंगली किनारा म्हणजे फक्त स्वालबार्ड नव्हे. बर्गेनपासून किर्केनेसपर्यंत नॉर्वेच्या किनाऱ्याने रोज टपाल-प्रवासी जहाजं जातात, गावोगावच्या धक्क्याला लागतात, आणि स्थानिक माणसंही त्यांतून प्रवास करतात. वाटेत समुद्री गरुड दिसतात. याच मार्गावरच्या वार्डो गावात उतरलं तर लहान बोटीने काही मिनिटांत होर्नोया बेटावर जाता येतं. तिथे गिलेमॉट आणि पफिन आखून दिलेल्या वाटेच्या इतके जवळ बसलेले असतात की दुर्बीण खिशातच राहते; पाहुण्यांनी कुठे चालायचं ते ठरलेलं आहे आणि बाकीचं बेट पक्ष्यांचं. ज्याला जवळूनच पाहायचं आहे त्याने आधी वार्डोचं तिकीट काढावं.